पूजेचा टेप

मला शिव्या येत नाहीत असं माझ्या सासूबाईंचं ठाम मत आहे. त्यांनी मला कारखान्याच्या सर्व्हर रूममध्ये त्या पहिल्या सोमवारी बघायला हवं होतं.

नवा कोरा टेप मशीनमध्ये घातलेला, दिवा हिरवा, आणि पडद्यावर बॅकअपचं, म्हणजे कारखान्याच्या नोंदींची प्रत टेपवर उतरवणारं, सॉफ्टवेअर अतिशय नम्रपणे सांगतंय की लिहायला टेप उपलब्ध नाही, कृपया टेप द्या. मी टेप काढला, ओढणीने पुसला, परत घातला. कृपया टेप द्या. पुण्यात मोठ्या कंपनीत सहा वर्षं काढून, सासर माजलगावचं म्हणून मी दिंद्रुड आणि सिरसाळ्याच्या मधल्या या साखर कारखान्यात संगणक विभागाची प्रमुख होऊन आले होते. विभागात माझ्याशिवाय दोन माणसं. एक कायम रजेवर असायचा. दुसरा दाराशी स्टुलावर बसून बशीतून चहा पीत माझा तमाशा बघत होता.

“नाव घातलं का त्याचं टोळीत?” त्याने विचारलं.

“कुणाचं?”

“टेपचं.”

त्याने बशी खाली ठेवली, मिशा पुसल्या आणि मला समजावायला घेतलं. “म्याडम, उसाच्या फडात कुणीबी कोयता घिऊन उभा ऱ्हायला म्हणून त्याला काम मिळतं का? मुकादमाच्या वहीत नाव लागतं. टोळीत घ्यावं लागतं. मंग तोडायला सुरवात. ह्यो तुमचा टेप फडात आलाय, टोळीत न्हाई. मशीनला दिसतोय, पण वळखीचा न्हाई.”

सॉफ्टवेअरच्या भाषेत त्याला मीडिया पूल म्हणतात. टेपला आधी एक नाव द्यायचं, ते टेपवर लिहून घ्यायचं, मग त्याला कुठल्या तरी पूलमध्ये दाखल करायचं. त्याशिवाय सॉफ्टवेअर त्याला हात लावत नाही. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, त्याचं प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीला लावलं होतं. आणि बीड जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात बशीतून चहा पिणारा माणूस मला ते शिकवत होता. मला राग आला. टेप चालला, तेव्हा जास्तच आला.

हे शेषेराव. सगळे त्यांना नाना म्हणत. माणूस धारूरच्या डोंगरातला, उंच, वाळका, शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं. आधी ते शेतकी विभागाच्या रेकॉर्ड रूममध्ये होते, रजिस्टरं लाल फडक्यात बांधून फडताळात रचायचं काम. कारखाना आधुनिक झाला तेव्हा रजिस्टरं गेली आणि फडक्यांसकट नाना संगणक विभागात आले. साहेबांना वाटलं, म्हातारा निवृत्त होईपर्यंत कुठे तरी बसेल. नाना बसले नाहीत. आधीच्या इंजिनियरच्या मागे उभं राहून त्यांनी सगळं उतरवून घेतलं, वहीत, मराठीत. इंजिनियर सोडून गेला, वही राहिली. प्रत्येक टेपच्या डबीभोवती त्यांनी लाल फडक्याची पट्टी बांधली होती. मी ती पहिल्याच आठवड्यात काढायला लावली, आणि पुढच्या आठवड्यात कुठला टेप कुठला हे मलाच कळेना म्हणून परत बांधायला लावली. त्यांनी गाठी मात्र आधीपेक्षा घट्ट बांधल्या.

त्यांच्या अक्षराबद्दल सांगायलाच हवं. टेपच्या चिठ्ठीवर ते देवनागरी आकडे काढत, छापल्यासारखे, आणि प्रत्येक आकड्यापुढे ठसठशीत टिंब देत. मी म्हटलं, हे टिंब कशाला? “टिंब दिलं की पुढं कुणाला शून्य जोडता येत न्हाई.” मी म्हटलं, नाना, टेपच्या नंबराला कोण कशाला शून्य जोडेल? ते म्हणाले, “म्याडम, तुमी कारखान्यात नव्या हायेत.”

या हट्टाचं मूळ मला बरंच नंतर कळलं. त्यांचे आईबाप ऊसतोडीला जायचे. नाना जन्मले ते दूरच्या कुठल्या तरी कारखान्याच्या फडात, पाचटाच्या खोपीत, आणि त्याची नोंद कुणीच केली नाही. शाळेत घालताना मास्तरांनी हाताने उंची मापून बघितली आणि एक जून तारीख टाकून दिली. आमच्याकडे निम्मा जिल्हा एक जूनला जन्मलेला आहे, त्यात कुणाला काही वाटत नाही. नानांना वाटायचं. “माझी तारीख मास्तरानं अंदाजानं टाकली,” ते म्हणत. “म्या निवृत्तबी अंदाजानंच व्हणार. दुसऱ्याची तरी खरी ऱ्हावी.”

आता तारखेचं महत्त्व. साखर कारखान्यात उसाची लागण कधी केली त्या तारखेची नोंद होते आणि तिच्यावरून तोडणीचा क्रम लागतो. आधी लावला त्याचा आधी तोडायचा. इतकी साधी गोष्ट. बाकी अध्यक्षांची भाषणं, वार्षिक सभा, सहकाराचा मंत्र वगैरे सगळं या एका तारखेभोवती चाललेलं असतं. ज्याचा ऊस वेळेवर तुटला तो वाचला. ज्याचा मागे राहिला त्याला तुरे येतात, विहीर आटते, ऊस वाळतो, आणि वजन घटलं की कारखाना त्याला सांगतो की तुम्ही निगा राखली नाही. कारखाना सहकारी, म्हणजे मालक सभासदच. या मालकांना आत यायला गेटवर पास लागायचा.

माझ्या दुसऱ्या वर्षी टेप संपत आले. अध्यक्षांच्या साडूंची एक एजन्सी होती. ती खुर्च्या, कीटकनाशकं आणि प्रसंग पडेल तसं संगणकाचं साहित्य पुरवायची. तिने चाळीस टेप पाठवले. आमचं मशीन जुनं, हे टेप दोन पिढ्या पुढचे. मशीन एकेक आत घेई, कुरकुर करी आणि बाहेर काढी. नानांनी आवक रजिस्टरात लिहिलं, ‘टेप आले. टोळीत घेता येत नाहीत. सबब परत.’ कारखान्यात अध्यक्षांच्या साडूंचा माल परत जात नाही, ही गोष्ट रंगकाम करणाऱ्यालाही ठाऊक होती. कार्यकारी संचालक, ज्यांना आम्ही एमडी म्हणत असू, त्यांनी नानांना बोलावलं.

“शेषेराव, जरा जुळवून घ्या की.”

“साहेब, टोळीत लंगडा चालतो, म्हातारा चालतो. ह्यांला निस्तं जेवायला येतंय.”

ते टेप शेवटी गेस्ट हाउसला गेले. तिथल्या पलंगांचे पाय डगमगत होते. चार पलंगांना पुरून अकरा उरले, ते आता कुठे आहेत मला माहीत नाही. नवे टेप मात्र पुन्हा मंजूर झाले नाहीत. आम्ही बावीस जुन्या टेपांवर चालवू लागलो. एखाद्याची मुदत संपली की नाना त्याला पुसायच्या आधी वहीत बघत, मग माझ्याकडे बघत, आणि मग नाइलाजाने परत कामाला लावत.

आणि एक पूजेचा टेप होता.

त्याचं असं झालं होतं की माझ्या आधी एका खंडेनवमीला एमडींनी भटजींना थेट सर्व्हर रूममध्ये आणलं होतं. बॉयलरची पूजा होते, काट्याची होते, मग संगणकाने काय पाप केलं? भटजींनी हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, आणि अक्षता बरोबर टेप आत जायच्या फटीत पडल्या. मशीनच्या कंपनीचा इंजिनियर पुण्याहून यायला तीन आठवडे लागले. त्याने चिमट्याने एकेक तांदूळ काढून कागदावर मांडला आणि नानांनी मोजून वहीत लिहिलं, तांदूळ अकरा. पुढच्या वर्षीपासून नानांनी तोडगा काढला. सॉफ्टवेअरमध्ये एक वेगळा पूल केला, नाव ‘पूजा’. त्यात वर्षाला एकच नवा टेप. या कामासाठी डझनभर टेप त्यांनी लाल फडक्यात बांधून कधीचे बाजूला ठेवले होते. दसऱ्याच्या आधी तोडणीचा क्रम पक्का झाला की त्या दिवशीची सगळी नोंद ते त्या टेपवर उतरवत, त्यावर पुन्हा कुणाला लिहिता येऊ नये म्हणून कडेचा खटका सरकवत, डबीत बंद करत, आणि खंडेनवमीला भटजींसमोर पाटावर ती डबी ठेवत. हळदकुंकू डबीवर. मशीनला कुणी हात लावायचा नाही.

मी हसले होते. म्हटलं, पूजाच करायची तर कोरा टेप ठेवा की, नोंद कशाला?

“देवापुढं रिकामं ताट ठिवतेत का?” ते म्हणाले.

पूजा झाली की डबी गणपतीच्या तसबिरीशेजारी फळीवर जायची. तिथे अशा डब्यांची रांग होती, जुन्यांवरचं कुंकू काळं पडलेलं. साफसफाईची बाई त्यांना रोज उदबत्ती ओवाळायची. नोंदी सुरक्षित ठेवण्यावर मी पुण्यात मोठमोठे प्रकल्प केले होते, अग्निरोधक तिजोऱ्या, दुसऱ्या शहरातल्या प्रती. इतकी सुरक्षित प्रत मी कुठे बघितली नव्हती. पण हे मला तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मी ते माजलगावला नवऱ्याला गंमत म्हणून सांगितलं आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो.

माझ्या तिसऱ्या वर्षी पाऊस अर्ध्यातच गेला. दसरा झाला आणि चारच दिवसांत एमडींनी मला चहाला बोलावलं. चहाला बोलावणं म्हणजे बिस्किटं, आणि बिस्किटं म्हणजे सही. “मॅडम, नवे टेप काही मंजूर होत नाहीत. जुने सगळे पुसून मोकळे करा, पुन्हा वापरायला. आजच पत्र काढा.” जुन्या प्रती जातील, मी म्हटलं. “जुन्याचं काय करायचंय? कारखाना पुढे बघतो.” मी पत्र टाइप केलं, सही केली. बिस्किटं चांगली होती.

नानांनी पत्र दोनदा वाचलं. मला वाटलं भांडतील. ते म्हणाले, “लेखी हाय. ठीक.” दोन दिवस ते एकेक टेप घालत होते, पुसत होते, वहीत त्याच्या नावापुढे फुली मारत होते. बावीस फुल्या. मधे जेवायलाही उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी एमडींचा फोन आला, तो त्यांनी उभं राहून घेतला.

“झाले का सगळे?”

“टोळीतले सगळे झाले, साहेब.”

मी समोरच बसले होते. मला त्या उत्तरात काहीही वावगं वाटलं नाही. प्रमाणपत्र फ्रेम केलेली बाई मी.

त्या वर्षीचा हंगाम सुरू होऊन पंधरा दिवस झाले तेव्हा कौसाबाई आली. धारूरकडच्या एका वाडीतली, पन्नाशीची, दोन एकर ऊस. शेतकी विभागाने तिला ‘संगणकात बघा’ म्हणून आमच्याकडे पिटाळलं होतं. तिने कमरेच्या पिशवीतून नोंदीची पावती काढून माझ्या टेबलावर ठेवली. पावती मशीनच्या गुळगुळीत कागदाची, उन्हाने अक्षरं पार उडून गेलेली. कागदावर फक्त वर छापलेलं कारखान्याचं चिन्ह शिल्लक होतं, कणीस आणि चाक.

मी पडद्यावर बघितलं. “बाई, तुमची लागण गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतरची आहे. नंबर मार्चात येईल.”

“दिवाळीनंतरची?” ती म्हणाली. “नागपंचमीच्या आदल्या दिशी लावलाय म्या. लेक हुता, सून हुती. तिनं बेणं टाकलं अन् दुसऱ्या दिशी त्याच वल्या बांधावर वारुळाला दूध ठिवलं. दिवाळीनंतर लावल्याला ऊस एवढ्या कांड्या धरतो का? येऊन बघा की.”

“संगणकात तसं आहे.”

“मंग संगणकाला घिऊन चला शेतात.” तिने आवाज चढवला नाही. “लेक अन् सून गेलेत कर्नाटकात, लोकाचा ऊस तोडायला. हितं आमचा उभा हाय. हिरीत पाणी लई झालं तर संक्रांतीपतुर. कावून बदललं ते तरी सांगा.”

कावून बदललं ते मला पडद्यावर दिसत होतं. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी, एकाच दुपारी, पुष्कळ तारखा बदलल्या होत्या. त्यामुळे काही वावरांचा नंबर मागे गेला होता, काहींचा पुढे आला होता. पुढे आलेल्यांत अध्यक्षांच्या साडूंची सगळी वावरं होती. कुठल्या टेबलावरून बदल झाला तेही लिहिलेलं होतं. आधीच्या तारखा होत्या त्या जुन्या टेपांवर, आणि ते माझ्याच सहीने पुसले गेले होते; बिस्किटं कशाची होती ते मला तेव्हा कळलं. मी पडदा बंद केला आणि तिला म्हटलं, बघते, पुढच्या आठवड्यात या.

ती नानांकडे वळली. “तुमी तरी सांगा, भाऊ.” नाना टेपच्या चिठ्ठीवर टिंब देत होते. ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना एक जुनं परिपत्रक घेऊन आले. कारखान्याला गुणवत्तेचं प्रमाणपत्र मिळवायचं होतं तेव्हा कुणी तरी नियम केला होता की दर तीन महिन्यांनी एक टेप उघडून त्यावरची नोंद परत वाचता येते का बघायचं, आणि निकाल गेटच्या फलकावर लावायचा. प्रमाणपत्र मिळालं. चाचणी एकदाही झाली नव्हती.

“तिमाही चाचणी ऱ्हायलीय,” नाना म्हणाले.

“कुठला टेप घेणार? सगळे तर पुसले.”

“टोळीतले पुसले. तुमच्याच सहीनं.” आणि त्यांनी फळीकडे बघितलं.

इथे माझे डोळे भरून आले, मी ताठ उभी राहिले, असं काहीतरी लिहायला मला आवडलं असतं. खरं काय झालं ते सांगते. मी विचारलं, “नाना, यात माझं नाव कुठे कुठे येतं?”

त्यांनी जरा वेळ माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. हा टेप आपल्या मशीनचा नाही हे कळल्यावर बघत, तसं. मग म्हणाले, “तुमचं कशाला? चाचणी घेणार म्या. सही माझी.” त्यांच्या निवृत्तीला, मास्तरांच्या अंदाजी तारखेप्रमाणे, सहा महिने उरले होते. मी म्हटलं, बरं. आणि जेवायला घरी गेले. मला त्याची लाज वाटली. अजून वाटते.

मी परत आले तेव्हा त्यांनी हात धुऊन, डबीवरची हळद फडक्याने टिपून, टेप आत घातला होता. सॉफ्टवेअरने त्याला लगेच ओळखलं. पूजा पूल, चालू वर्ष, नोंद वाचता येते. जुन्या प्रिंटरवर पानं कर्रकर्र बाहेर येत होती. कौसाबाईचं नाव सातव्या पानावर होतं, तारीख नागपंचमीच्या आदल्या दिवशीची. नानांनी तिथे थांबून काही केलं नाही. सगळी पानं क्रमाने लावली, खळीचा डबा घेतला, आणि दुपारची पाळी बदलताना गेटच्या फलकावर ओळीने चिकटवली. वर लिहिलं, ‘तिमाही चाचणी. निकाल: वाचता आले.’ खाली सही, पुढे टिंब.

शेतकऱ्यांना वाचता येतं हे कारखान्याला माहीत नसावं. संध्याकाळपर्यंत गेटवर उभं राहायला जागा नव्हती. पानं फाडायला पाठवलेला शिपाई स्वतःच्या भावाचं नाव शोधत उभा राहिला. तीन दिवसांनी जुना क्रम परत लागला. कारखान्याने पत्रक काढलं की तांत्रिक बिघाडामुळे काही तारखा चुकल्या होत्या, बिघाड शोधून दूर करण्यात आला आहे. दूर केलेल्या बिघाडाचं नाव शेषेराव. त्यांची बदली गेटवर झाली, उसाच्या गाड्यांना नंबर द्यायला. आदेश माझ्याच विभागातून टाइप झाला. मी एमडींना म्हणू शकले असते की टेप मीच उघडायला सांगितला. म्हटलं नाही. फळीवरच्या डब्या आठ दिवसांत कुणी तरी उचलून नेल्या, तसबीर तेवढी ठेवली.

नाना गेले. जाताना वही मला दिली. “नवा टेप आला की आधी नाव घाला,” एवढंच म्हणाले.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते संक्रांतीच्या पाचसहा दिवस आधी. नंतर आम्ही पुण्याला परत आलो. त्या दिवशी कामावर येताना गेटपाशी माझी स्कूटी अडकली, उसाच्या ट्रॅक्टरांची रांग पार डांबरी रस्त्यापर्यंत गेलेली. नाना टेबल टाकून बसले होते, डोक्याला मफलर, खिशात दोन पेनं, पुढ्यात चिठ्ठ्यांचा गठ्ठा. आणि टेबलासमोर कौसाबाई उभी होती. तिचा ऊस आला होता. दोन ट्रॉल्या, गच्च भरलेल्या, शेंड्याचं वाढं अजून हिरवं. एवढा ऊस मी रोज बघत होते, पण त्या दोन ट्रॉल्यांकडे बघत राहिले.

ती नानांना विनवत होती. “भाऊ, जरा पुढं घ्या की. ट्रॅक्टरवाला सकाळपास्नं बोंबलतोय. दोनच तर हायेत.”

“नंबरानं,” नाना म्हणाले.

“गरिबाचं एवढं बी न्हाई का करायचं? तिकडं नोंद बदलतेत, हितं नंबर बदलत न्हाईत. बाईमाणूस बघून सगळेच अडवतेत.”

तिला माहीत नव्हतं. तिला वाटत होतं तारीख आपोआप दुरुस्त झाली, पत्रकात लिहिलं होतं तशी. मी स्कूटी स्टँडवर लावली आणि पुढे झाले. एकदा तरी तोंड उघडावं असं वाटलं मला. “बाई,” मी म्हटलं, “अहो, यांच्यामुळेच तर तुमचा...”

“म्याडम,” नाना मधेच म्हणाले, माझ्याकडे न बघता, “गाडी आडवी लावलीय तुमी. मागं घ्या. लाइन आडती.”

मी गाडी मागे घेतली. त्यांनी पेन झटकलं, चिठ्ठी पुढे ओढली, आणि कौसाबाईचा नंबर घातला. तेवीस. पुढे टिंब.